कुंपणापलीकडचे ससे

२७ नोव्हेंबर

दुसऱ्या झाडाचा शेंडा गेला. तिरका, एका फटक्यात. माझ्या कात्रीनेही इतका स्वच्छ काप आला नसता. सासरेबुवांनी वरच्या खिडकीची काच काठीने ठोकली, तशी मी खाली सलूनमधलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून, ॲप्रन अंगावर तसाच ठेवून मागच्या बागेत धावले. त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, "ससा. माणसाच्या हातून इतकं सुबक काम होत नाही."

सफरचंदाची बारा रोपं. गेल्या वर्षी स्वतः खड्डे खणून लावली त्यांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. नवरा तेव्हा म्हणाला होता, "बाबा, यांना फळं कधी धरणार?" तर म्हणे, "तुला काय घाई आहे?" मग या सप्टेंबरात शिडीवरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता ते वर खिडकीपाशी आणि बारा झाडं माझ्या गळ्यात. मला झाडांतलं काय कळतं? मला डोक्यातलं कळतं. म्हणजे डोक्यावरचं.

२९ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. हाड छान जुळलंय. आता रोज चालायचं, जिना उतरायचा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. सासरेबुवांनी सगळं शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं. डॉक्टरांची पाठ वळल्यावर मला म्हणाले, "चालेन की. पण जायचं कुठे?"



वॉकर कोपऱ्यात उभा आहे. त्यावर त्यांचा टॉवेल वाळतोय.

२ डिसेंबर

केस! बँकेतल्या बाई आज रंग लावून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, बुंध्याशी माणसाचे केस टाकले की वासानेच ससे फिरकत नाहीत. आता केसांना माझ्याकडे काय तोटा? दोन पिशव्या भरून नेले. काळे, पांढरे, आणि बँकेतल्या बाईंचे लालभडक. खिडकीतून सूचना चालूच — "तिसऱ्याला कमी पडले, सूनबाई. तिसरा टकला दिसतोय."

पोस्टमन फाटकाशी थबकला. मी झाडाभोवती केस पसरतेय हे बघून काही न विचारता गेला. उद्या सगळ्या गल्लीला कळेल की मी कामातून गेले.

५ डिसेंबर

बर्फ पडला. केस बर्फाखाली. ससे बर्फावर.

६ डिसेंबर

ससे येतात कुठून ते कळलं. शेजारच्या सिस्टरांकडून.

उन्हाळ्यात राहायला आल्या त्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. एकट्याच असतात. सकाळी बघते तर कुंपणाशी वाकून गाजराची सालं आणि कोबीची पानं मांडतायत, पंगत वाढल्यासारखी. मी जरा बोलले. त्या म्हणाल्या, "या थंडीत कुठे जातील बिचारे?"

वर जाऊन सांगितलं. झालं. दिवसभर माझी टपालगाडी.

"त्यांना म्हणावं, खानावळ बंद करा."

"त्यांना सांग, अंगण माझं, गाजरं माझी."

"गाजरं त्यांची आणि मुखशुद्धीला माझी झाडं, असं कसं चालेल?"

शेवटी मी दोघांनाही सांगितलं की सलूनमध्ये लोक ताटकळलेत, तुम्ही थेट भांडा. थेट बोलायला मात्र दोघंही तयार नाहीत.

११ डिसेंबर

नवरा घरी आलाय. ट्रकच्या फेऱ्यांमधून मिळालेली दोन दिवसांची सुट्टी, ती पूर्ण जाळीत गेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आणली, कापली, गोल वळवून प्रत्येक खोडाभोवती उभी केली. वरून हुकूम सुटत होते. "खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. चिकटली तर ससा बाहेरूनच दात घालेल. खालची कड जमिनीत दाबा." जमीन दगडासारखी. नवऱ्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे. मला म्हणतो, "तुझ्या गिऱ्हाइकांना सांगू नको, मांजर पाळलंय असं सांग."

पण काम झालं. बारा झाडं, बारा पिंजरे. सासरेबुवा वरून बराच वेळ बघत होते. जेवताना म्हणाले, "सातवा वाकडा आहे." त्यांच्या भाषेत ही शाबासकीच.

२१ डिसेंबर

सगळं शांत. झाडं जाळीत, ससे कुंपणापलीकडे, सासरे खिडकीत. एकटी मीच मोकळी फिरतेय.

९ जानेवारी

आज काठी वाजली नाही.

परवापासून बर्फ पडत होता. आज थांबला, ऊन आलं, आणि मी सलून उघडायच्या आधी सहज मागे डोकावले. बर्फ जाळीच्या वरच्या कडेपर्यंत चढलेला. वर कडक झालेला, अगदी ओट्यासारखा. त्याच्यावर आरामात उभं राहून सशांनी कोपऱ्यातल्या झाडाची साल सोलून खाल्लीय. एका बाजूची नाही, चारी बाजूंची. हातभर खोड पांढरं, उघडं. बाकीच्यांच्या फांद्या कुरतडल्यात, पण साल शाबूत आहे.

वर गेले. ते खिडकीतच होते. त्यांनी माझ्या आधी बघितलं होतं आणि काच ठोकली नव्हती.

"झाडाचं अन्न सालीतून जातं," म्हणाले. "गोल साल गेली की संपलं. उन्हाळ्यापर्यंत उभं राहील, मग वाळेल. जाऊ दे. उरलेलीही जातील."

"काहीतरी करता येत असेल ना, बाबा?"

"कोण करणार?"

जेवले नाहीत. दुपारचा चहा तसाच गार झाला. झाडाचं जाऊ दे, मला या "जाऊ दे"चीच भीती वाटली. हा माणूस डॉक्टरांशी वाद घालतो, बातम्या सांगणाऱ्याशी वाद घालतो. तो जाऊ दे म्हणतोय.

१० जानेवारी

सकाळी सिस्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. कालपासून जेवले नाहीत, चालत नाहीत, झाड मेलं, असं काय काय एका दमात बोलले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, कोट चढवला आणि माझ्या आधी आमचा जिना चढल्या.

"पेशंट कुठे आहे?"

सासरेबुवा ताठ बसले. "मी बरा आहे."

"तुम्हाला कोण विचारतंय? झाडाचं म्हणतेय मी. मेलं का?"

"मेल्यात जमा."

"मेलं आणि मेल्यात जमा, यांत फरक असतो. माझी सगळी नोकरी त्या फरकात गेली. काय करतात अशा वेळी?"

ते बोलले, आधी तुटक, नंतर भराभर. आत्ता झाड झोपेत आहे तोवर गेल्या वर्षीच्या निरोगी काड्या कापून ठेवायच्या. वसंतात रस चढला की जखमेच्या खालच्या सालीत एक टोक, वरच्या सालीत दुसरं टोक, अशा त्या काड्या बसवायच्या. जखमेवर पूल बांधायचे. त्यांतून अन्न जातं. जमलं तर झाड जगतं. "आणि छाटलेल्या बाकीच्या फांद्या तुमच्या बाजूला ढीग करून टाकायच्या. समोर कोवळ्या फांद्या असल्या की ससा उभ्या खोडाकडे बघत नाही. गाजरं कसली घालता त्यांना!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

सिस्टर छाटणीची कात्री घेऊन बागेत गेल्या. मी खाली सलूनमध्ये. एका बाईंचं डोकं साबणात होतं. तेवढ्यात वर काठी सुरू. टक टक टक. मागच्या दारातून बघितलं तर सिस्टर भलतीच फांदी धरून उभ्या, आणि वर बघायला तयार नाहीत. काच फुटते की काय असं वाटलं. मग काठी एकदम थांबली.

आणि जिन्यात आवाज. वॉकरचा.

मी साबणाच्या हाताने तशीच उभी राहिले. सासरेबुवा एकेक पायरी करत खाली आले, पायजम्यावर ओव्हरकोट, खांद्यावर तो टॉवेल. माझ्याकडे बघितलंही नाही. "ती बाई माझं अकरावं झाड मारतेय," म्हणाले आणि बागेत गेले.

नंतर मी सिस्टरांना विचारलं, "काठी ऐकू आली नाही का तुम्हाला?"

"सगळी ऐकू आली," त्या म्हणाल्या.

१४ जानेवारी

प्रत्येक झाडाभोवतीचा बर्फ मी फावड्याने काढला. जाळीवर आणखी जाळी जोडली, आता माझ्या छातीपर्यंत उंच. पलीकडे फांद्यांचा ढीग. ससे तिकडेच पडीक असतात. गाजरांकडे ढुंकून बघत नाहीत, सिस्टरांना जरा लागलंय ते मनाला.

२ फेब्रुवारी

नवरा आला, फ्रिज उघडला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या हातात घेऊन विचारतो, "ही लाकडं उकडायची आहेत की तळायची?"

बाबांना जिना उतरताना बघून मात्र त्याचं तोंड बंद झालं. बाहेर जाऊन ट्रकची काच पुसत बसला. स्वच्छ होती काच.

१७ फेब्रुवारी

सासरेबुवा रोज जाळ्या तपासायला जातात. कुंपणाच्या बाजूच्या तीन जाळ्या तपासायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पलीकडून सिस्टरांचा आवाज येतो. काल भांडण कशावरून, तर थर्मामीटर कुठल्या भिंतीला लावावा.

२३ मार्च

बर्फ वितळला. सिस्टरांनी कुंपणातूनच हाक मारली. त्यांच्या गवताच्या ढिगाखाली सशाचं घरटं! चार पिल्लं, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. आणि खाली अंथरूण कशाचं? माझ्या सलूनचं. काळे, पांढरे आणि मधोमध लालभडक. भीती वाटावी म्हणून टाकलेले केस, त्यांची गादी केली.

सासरेबुवांनी वॉकरवर रेलून नीट बघितलं. "बँकेतल्या बाईंना सांगू नकोस," म्हणाले. मग हळूच गवत परत झाकलं. स्वतःच्या हाताने.

१२ एप्रिल

आज पूल बांधले. सलून बंद ठेवलं.

कोपऱ्यातल्या झाडापाशी सासरेबुवांसाठी खुर्ची मांडली. त्यांना अजून खाली वाकता येत नाही. वाकायचं काम सिस्टरांचं, सामान हातात द्यायचं माझं. जखमेच्या वर आणि खाली सालीला चीर. काडीची दोन्ही टोकं पाचरीसारखी तासायची, चिरेत सरकवायची, बारीक खिळ्याने पक्की करायची, वरून मेण. काडी थोडी कमानीसारखी बाहेर राहायला हवी, म्हणजे वाऱ्यात झाड हललं तरी निसटत नाही.

"उलटी लावू नका. शेंड्याची बाजू वर."

"रक्त चढवताना बाटली उलटी टांगलेली मी एकदाही बघितली नाही. बसा शांत."

बसले. खरंच शांत बसले. पहिली काडी फाटली. दुसरी बसली. पाच पूल झाले तोवर उन्हं उतरली होती. सिस्टरांनी मेणाने माखलेले हात पुसले, झाडाच्या खोडाला दोन बोटं लावली, मनगट धरतात तशी.

"लागतेय का नाडी?" सासरेबुवांनी विचारलं. चेष्टेने नाही.

"आठ दिवसांनी सांगते," त्या म्हणाल्या.

६ मे

कोपऱ्यातल्यालाही पानं आली. मी नाचायचीच बाकी होते, पण सासरेबुवा म्हणाले, "आधीच्या साठ्यावर फुटलीत. उन्हाळा निघायला हवा." ते असं म्हणाले, तरी दिवसातून चारदा जाऊन येतात. वॉकर नाही, काठी.

२८ जून

उन्हाचा कडाका. बाराही झाडं हिरवीगार. कोपऱ्यातल्याच्या काड्या बोटाएवढ्या जाड झाल्यात, सालीत मिसळायला लागल्यात. आज सासरेबुवांनी पहिल्यांदाच म्हटलं, "जगलं."

सिस्टर कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तोच टॉवेल दोनदा झटकला. चिमटा तोंडात होता.

३० जून

सलून बंद करताना सासरेबुवा आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. केस कापायचे असतील म्हणून मी कापड झटकलं. "राहू दे," म्हणाले. "सिस्टरांना मी विचारलंय. त्या हो म्हणाल्यात. तुझं काय म्हणणं आहे ते ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय."

मी म्हटलं, माझं काय म्हणणं असणार. आणि मग त्यांना मिठीच मारली, कापडासकट.

नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, आधी ट्रक बाजूला घे.

सासूबाई मी फक्त फोटोत बघितल्या. एकोणीस वर्षं या घरात माझंच राज्य. आता मला सासू येतेय.