चौथ्या मजल्यावरची लेथ

म्हैसूर
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. चैत्राली हिस,

बाबांचे आशीर्वाद. इकडे ठाकठीक. आई गुडघ्याला तेल चोळता चोळता माझ्यावर ओरडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम.

गेल्या वर्षी कुशलरावांना पुण्याला लाकूड कातायची लेथ पाठवली, तेव्हा ‘कारखान्यात पडूनच होती’ म्हणालो होतो. खोटं. तिची खरी किंमत आज सांगतो. बेअरिंगं बदलण्यात तीन रविवार गेले, डाव्या अंगठ्याचं नख गेलं, आणि वर आमच्या राघवेंद्र मिस्त्रीचा महिनाभराचा अबोला. त्याच्या हाताखालची चालती लेथ होती ती. ‘बेडा, यजमान्रे, नका देऊ,’ म्हणत होता. ‘चौथ्या मजल्यावर लेथ म्हणजे न्हाणीघरात हत्ती.’ मी म्हटलं, ‘अरे, जावयाला लाकडाचा नाद आहे. अशा माणसाला काय शाल-नारळ द्यायचा?’

आता तुझा मेसेज. ‘बाबा, कुशलच्या चाळिशीला काय देऊ? त्याला हातानं काहीबाही करायला आवडतं, तुम्हाला त्यातलं कळतं.’

कळतं. हातानं करणाऱ्याला यंत्र देऊ नये. ती आपली हौस असते, त्याच्या घरात नेऊन ठेवलेली. त्याला संपणारं द्यावं, पॉलिशपेपर, सरस, चांगले स्क्रू. नाहीतर सी-क्लॅम्प, कितीही असले तरी ऐन वेळी एक कमीच पडतो. पटाशी द्यायची तर आधी त्याची मूठ बघावी. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे शिसवीचे चार वाळलेले तुकडे, आणि दुपारभर कोणी हाक मारणार नाही असा एक रविवार.

रविवारावरून आठवलं.

दर रविवारी तुझा फोन येतो. मागे लेथ चालू असते. ‘ऐका बाबा, कुशल लेथवर आहे.’ मी ऐकतो. माझे कान तुला माहीत आहेत. नंजनगूडच्या वखारीत झाडू मारायला लागलो तेव्हापासून ओंडक्यावर नुसती टिचकी मारून आत पोकळ की भरीव ते सांगतो. पन्नास वर्षांत एकही ओंडका मला फसवून गेला नाही. त्याच कानांनी सांगतो, तुमच्या लेथवर पटाशी दर रविवारी त्याच गाठीला अडखळते, आणि मग तेच कुत्रं दोनदा भुंकतं.

चैत्राली, ते रेकॉर्डिंग आहे.

लेथ विकलीत त्याचं वाईट वाटत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली असेल. दिली ती दिली. ‘बाबा, जमत नाही’ एवढं म्हणाली असतीस तर मीच टेम्पो पाठवला असता, राघवेंद्रची चार वाक्यं ऐकून घेतली असती. कुशलरावांवरही राग नाही, ते बिचारे भिडस्त. पण फोन तुझ्या हातात असायचा. तू भुशात खेळून मोठी झालीस. कुठल्या आवाजानं बापाचा जीव निवतो हे तुलाच ठाऊक होतं, आणि तू नेमका तोच वाजवलास. परक्याला हे सुचलंसुद्धा नसतं.

आई म्हणते, ‘पोरीनं तुमचं मन राखलं हो.’

‘मन राखायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?’

‘आहातच. आणि ओरडू नका, तेल सांडेल.’

तिच्यापुढे माझं कधी चाललंय? पण कालपासून जेवण गोड लागत नाही, एवढं तुला कळावं.

रविवारी फोन करणं सोडू नकोस. बोलायला काही नसेल तर नसू दे. कुकर, टीव्ही, तुम्हा दोघांचं भांडण, काहीही ऐकेन. फक्त ते त्या दिवसाचं असावं.

अजून तुझाच,
बाबा

ता. क. कानानं ओळखलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. तुमच्याकडून लेथ घेतली त्या गृहस्थांचा परवा फोन आला. लेथवरच्या पत्र्यावर आपल्या कारखान्याचा नंबर आहे. नवा पट्टा कुठे मिळेल, विचारत होते. लेथ त्यांच्याकडे जूनअखेरीपासून आहे. कुत्रं मला काल ऐकू आलं, हे सगळं कळल्यावर. त्याआधी अकरा रविवार मी त्याच आवाजाला ‘वा, आता हात बसला’ म्हणत होतो.