क्लचचा पाइप आणि दादाचा अबोला

११ फेब्रुवारी, मंगळवार

फुटला! क्लचचा पाइप फुटला. पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं आणि तिथेच बसलं, वर यायचं नाव नाही. गाडीखाली ब्रेक ऑइलचं थारोळं. क्लचलाही तेच ऑइल लागतं म्हणे. सत्तावन्न वर्षांचा झालो, निम्मं आयुष्य ही गाडी चालवली, आणि हे आज कळतंय!

मिस्त्रीने वाकून पाहिलं. पाइपला हात लावला तर तुकडा हातातच आला. म्हणाला, "साहेब, ही गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. हिचा पाइप आता बाजारात नाही मिळायचा. घरीच बनवा." घरीच बनवा! जसा काही स्वेटर विणायचाय.

१२ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरून निरोप. वहिनी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, हे म्हणतायत, तेवीस तारखेच्या रविवारपर्यंत गाडी चालली नाही तर गिऱ्हाईक बोलावणार."

गाडी बाबांची, म्हणजे आता आम्हा दोघा भावांची. दादा वर राहतो, मी खाली. निरोप वहिनींमार्फत, कारण दादा माझ्याशी बोलत नाही. चौदा महिने झाले. मी चारचौघांत म्हणालो होतो की दादाला रिव्हर्स येत नाही. म्हणायला नको होतं, कबूल. पण येत नाही हे फाटकाच्या दोन्ही खांबांना ठाऊक आहे!

गाडी गेली तर वाईट वाटेलच. पण खरं लिहायचं तर, ती गेली की आम्हा दोघांचं म्हणून काही उरणार नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

१४ फेब्रुवारी

आज चष्म्याचं दुकान बंद ठेवलं. एक दिवस गिऱ्हाइकं जुन्या चष्म्यातून बघतील.

मिस्त्रीने तांबं-निकेलचा पाइप दिला, हाताने वाकतो. पाइपचं तोंड फुलवायचं हत्यारही उसनं दिलं. तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, म्हणजे नट आवळला की ते घट्ट बसतं आणि ऑइल गळत नाही. आधी तारेच्या हँगरचा नमुना केला. (हँगर दादाचा. दोरीवर होता. शर्ट खाली ठेवला, नीट घडी करून.) मग पावडरच्या डब्याभोवती पाइप वाकवला. एक तोंड फुलवलं, छान! दुसरं फुलवलं, त्याहून छान! कौतुकाने बघत बसलो.

मग खिशात काहीतरी टोचलं. दोन्ही नट.

तोंड फुलवल्यावर नट आत जात नाही. लोकांना दृष्टी देतो आणि स्वतःला नट दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

दुसरा पाइप. नट घातले. दोन्ही. एक उलटा.

१६ फेब्रुवारी

दादा गॅलरीतून बघतो! तोंडासमोर वर्तमानपत्र, पण पान तासभर उलटत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

वहिनी आल्या. "हे म्हणतायत, नट आधी घालतात."

मी म्हटलं, "त्याला सांगा, ज्याला साधा रिव्हर्स—"

"हे मी नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या आणि गेल्या. बरं झालं गेल्या.

१८ फेब्रुवारी

तिसरा पाइप. नट दोन्ही, तोंडं दोन्ही, सगळं सुलटं. बसला!! मिस्त्रीने बघून नुसती मान हलवली. त्याच्याकडून एवढं म्हणजे मानपत्रच.

१९ फेब्रुवारी

घोडं अडलं. नव्या पाइपात हवा भरलेली असते, ती काढल्याशिवाय क्लच चालत नाही. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली स्क्रू सोडून हवा काढायची आणि लगेच आवळायचा. मगच पेडल सोडायचं. माझा हात एवढा लांब नाही.

एकट्याने करून पाहिलं. सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवली. मी खाली शिरतो न शिरतो तोच ती सटकली आणि हॉर्नवर बसली. भोंगा सुरू! समोरच्या घरातली शिक्षिका चहाचा कप घेऊन धावत आली. वर गॅलरीत वर्तमानपत्र गदागदा हलत होतं. हसत होता लेकाचा.

अडला हरी. आणि इथे खरोखर पायच हवाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनींना मध्यस्थ केलं. दादा खाली उतरला. माझ्याकडे न बघता सीटवर बसला, वहिनी दाराशी, मी गाडीखाली.

"वहिनी, दाबायला सांगा."

"अहो, दाबा म्हणतायत."

"दाबलंय म्हणावं."

"दाबलंय हो, भाऊजी."

मी स्क्रू सोडला, बुडबुडे आले. "धरून ठेव म्हणावं!" हे वहिनींकडून दादापर्यंत पोचेस्तोवर त्याने पाय उचललेला. निघालेली हवा परत आत. असं पंधरा वेळा! माझ्या कपाळावर ऑइल, वहिनींचा आवाज बसलेला. मग वर फोन वाजला आणि त्या गेल्या.

मला गाडीखालून फक्त दादाच्या चपला दिसत होत्या. अंगठ्याशी शिवलेल्या.

शेवटी म्हणालो, "दाब."

पेडलचा आवाज आला.

"धरलंय," दादा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आता सोड की स्क्रू, ठोंब्या!"

चौदा महिन्यांनी ठोंब्या! माझे डोळे भरून आले. ऑइल गेलं असं सांगितलं. दाब, धरलंय, सोड, सोडलंय, असं तासभर चाललं. हवा कधीच संपली होती. दोघांनाही कळत होतं. वहिनी परत आल्या, आमचं ऐकलं आणि आल्या पावली वर गेल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडी चालली! गिऱ्हाइकाचा फोन आला तर दादा त्यालाच विचारतो, "विकायची? कोण म्हणालं?"

मग दादाने स्वतः रिव्हर्समध्ये बाहेर काढली. कुंडी फुटली. मी म्हणालो, "कुंडीच चुकीच्या जागी होती." दादाने माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

२६ फेब्रुवारी

गाडी उत्तम. पेडल लोण्यासारखं.

२८ फेब्रुवारी

दादा तीन दिवस खाली आलेला नाही. अबोला नाही, जिन्यात भेटला तर "काय रे" म्हणतो. पण पुढे काय बोलायचं? गाडीत बिघाडच नाही. मी दोनदा उगाच बॉनेट उघडून उभा राहिलो. त्याला वाटलं असेल, मी कामात आहे.

२ मार्च, रविवार

सकाळी पेडल पुन्हा तळाला. खाली ऑइल. वाकून पाहिलं, पाइप शाबूत, पण नट पुरते दोन फेरे ढिला. नट असा आपोआप सुटत नाही. उठून पाहतो तर दादा आधीच सीटवर बसलेला, बाह्या सरसावून, बोटांना ऑइल.

"परत हवा शिरली वाटतं," म्हणाला. "आता दोघं लागणार."

म्हटलं, "लागणारच." आणि गाडीखाली गेलो.