सर, तुम्ही अण्णांना नाही का म्हणालात?

आदरणीय सर,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मलाही बोलायला उभं केलं. 'सरांमुळे मला गणिताची गोडी लागली,' एवढंच म्हणाले आणि खाली बसले. पुढचं तिथं बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

आठवीत तुम्ही फळ्यावर बुद्धिबळाचा पट काढलात. कर्णाच्या दोन टोकांची घरं पुसलीत आणि म्हणालात, "दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी उरलेला पट भरून दाखवा."

पेरूच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आठवडाभर मी त्यातच होते. अण्णा बागेतून हाका मारायचे, मला ऐकूच यायच्या नाहीत! आणि एका दुपारी लख्ख दिसलं. मी धावतच तुमच्या घरी आले. तुम्ही जेवत होतात.

"सर, हे होणारच नाही!"

"का गं?"

"प्रत्येक पट्टी एक काळं, एक पांढरं घर झाकते. तुम्ही तर दोन्ही पांढरीच पुसलीत!"

उष्ट्या हाताने उठलात, काकूंना बाहेर बोलावलंत, पुन्हा सगळं सांगायला लावलंत. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. एक गणित सुटलं की तुम्ही म्हणायचात, "आता दुसऱ्या वाटेने सोडव."

मग दहावीत पुण्याच्या गणित शिबिरासाठी माझी निवड झाली. अण्णांनी राहात्याच्या बाजारातून नवी बॅग आणली होती, सर. ते तयार होते! आणि तुम्ही आमच्या ओट्यावर बसून म्हणालात, "तुमची पोरगी हुशार आहे, पण एकटी पुण्याला? तिथं सगळी मुलंच असणार. नसती जबाबदारी कशाला?"

चहा घेऊन मी दारातच उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "तुमीच न्हाई म्हनता, मग आमी काय बोलनार, सर?"

माझ्या जागी तुमचा पुतण्या गेला. त्याला गणिताचा कंटाळा होता, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

मी शिकले. नगरच्या कॉलेजात आता गणितच शिकवते. पुढे एकदा स्टँडवर भेटलात, तेव्हा चारचौघांत म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी!" मी पाया पडले. तेव्हा तरी त्या शिबिराबद्दल एक शब्द बोलायचात! विसरला होतात? की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही होतं, असंच कधी वाटलं नाही?

अजूनही एखादं अवघड कोडं सुटलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं. राग येतो तो याचाच जास्त.

माफ करणं मला जमलेलं नाही. खोटं कशाला सांगू? पण एक शब्द देते. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीचा बाप 'हो' म्हणायला तयार असेल, तर त्याच्या ओट्यावर बसून मी 'नाही' म्हणणार नाही. आणि तो 'नाही' म्हणत असेल, तर 'हो' म्हणेपर्यंत तिथून उठणार नाही.

तुमचीच विद्यार्थिनी, इलाज नाही,
वैशाली