फौजदाराचे बूट

शनिवार, संध्याकाळ

माझाच नियम माझ्या अंगाशी आला! 'पूजा झालेल्या रंगमंचावर पादत्राणे नेऊ नयेत.' सांस्कृतिक भवन चालवणाऱ्या कला समितीचा सचिव म्हणून मीच हे लिहून भिंतीवर लावलं. तेव्हा फौजदाराचे बूट का आठवले नाहीत मला?

उद्या भवनातलं पहिलं नाटक. त्यात फौजदाराची भूमिका करणारे देवरीचे गुरुजी दुपारी तालमीत भडकले, "अनवाणी फौजदाराले चोर कायले भिईन?"

समितीचे अध्यक्ष शामलालभाऊ हटून बसले. "नियम म्हणजे नियम. चोरालेबी अनवाणीच ठेवा, मंग झालं बरोबर!"

गुरुजी आपली सामानाची पेटी उचलून निघालेच होते. शेवटी मीच तोड काढली. कोरे बूट आणायचे, मंचावरच त्यांची पूजा करायची, म्हणजे ती पादत्राणं राहत नाहीत. किती हुशार मी! शामलालभाऊंनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गुरुजीही हात जोडून उभे.

"घाला आता," मी म्हणालो.

गुरुजी दोन पावलं मागे सरकले. "पूजेच्या बुटात पाय कसा घालू जी?"

उद्या फौजदार अनवाणीच येणार. बूट मंचावर असतील, पाटावर, हार घालून. त्यांच्यामुळे सारं भवनच देऊळ झालं, तर माझी चप्पलसुद्धा मला आता बाहेरच्या फाटकापाशी काढावी लागणार.