नाव पुकारलं की

छत्रपती संभाजीनगर
७ जानेवारी २०२५

प्रिय रूपाताईस,

सरिताचा जयभीम. दाजी बरे हायत ना? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून चक्क पोस्टाचं पाकीट आणलं. फाडू नको बाई, आधी वाच.

इकडं थंडी लई पडलीय. राजेंद्रदादाला वाळूजला रात्रपाळी लागलीय, म्हणून घरात दिवसभर टीव्ही बंद. आई धड जेवत नाय. ते सांगते पुढं.

गेल्या आठवड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर बसला. गिऱ्हाइकांच्या फायली गेल्या तर गेल्या, पण आबांचं शेवटचं गाणं त्यात! आजारपणात पेटी घेऊन म्हणलेलं, दादानं मोबाईलवर भरलेलं. १९ तारखेला, रविवारी, आबांचा पहिला स्मृतिदिन. विहारात तेच लावायचं ठरलेलं. माझं तर डोकंच चालंना.

दुरुस्तीवाला सत्यम म्हणला, "घाबरू नका. बॅकअप चालू होतं. फाईल बदलली तरी आधीची राहती त्यात. तुमच्या गाण्याच्या दोन निघाल्यात. कोणती देऊ?"

मी म्हणलं, येडा का खुळा तू, गाणं एकच हाय. तर म्हणतो, आधीची लांब हाय.

लावली. दोन कडवी झाली आन् आबा थांबले. कार्यक्रमात कुणी भेट दिली की नाव पुकारायला थांबायचे ना, तस्सेच, पेटी चालू ठेवून. आन् भेट पुकारली! "माझी थोरली लेक रूपा, हिच्याकडून लोकरीचा मफलर भेट. गायन पार्टी तिची आभारी हाय. लेकी, दार उघडं हाय, ये." मग खोकले, आन् पुढचं कडवं धरलं. आम्ही ऐकत आलो त्या गाण्यात हे नव्हतंच.

ताई, मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावलं. तू पाठवलेला मफलर आबांपर्यंत पोचला, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

घरी आले ती दादाच्या अंगावरच धावून गेले. गाणं भरलेलं तूच, मग का कापलंस रे? तो म्हणला, "कापलं मी. पण सांगितलं कुणी, ते विचार." आन् सैपाकघराकडं बघितलं.

तुला फोनवर कुणी सांगितलं होतं, "बापानं तुझं नाव टाकलंय, मयतीलाही येऊ नको"? आईनंच ना? आबा तसं कधीच बोलले नव्हते गं. तुझ्या लग्नाचा राग आईचा होता. गाण्यात तुझं नाव निघालं, म्हणजे ती खोटी पडणार. म्हणून आबा गेल्यावर कापायला लावलं. सख्खी आई! मला अजून खरं वाटत नाय.

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. काल तीच दुकानात आली, पायरीवर बसली. "लाव," म्हणली. ऐकलं. परत लाव म्हणली. मग तोंडाला पदर लावून म्हणली, "विहारात लांबवालंच लाव. समद्यांना ऐकू दे. मग लोक मला काय बी म्हणू देत."

आईला माफ कर असं मी सांगणार नाय. मलाच जमंना अजून. पण आबांच्या कार्यक्रमातली रीत तू विसरली नसशील. नाव पुकारलं की भेट देणाऱ्यानं उभं राहायचं, हात जोडून जयभीम करायचा. तो उभा राहीपर्यंत आबा पुढचं कडवं धरायचे नाय.

रविवारी आबा तुझं नाव पुकारणार हायत.

पहिल्या रांगेत तुझी जागा धरून बसणारी,
सरिता