रस्त्याखालची वाट

आई, माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. गेल्या आठवड्यात मी एका प्रस्तावावर ‘नामंजूर’ असं लिहिलं आणि घरी येऊन दोनदा जेवले, इतकी भूक लागली होती. तू असतीस तर माझं ताट बघूनच ओळखलं असतंस आणि म्हणाली असतीस, ‘काहून वं, कोनाशी भांडून आली?’ भांडूनच आले. आणि ज्या गोष्टीवरून तुझंमाझं बोलणं तुटक झालं, त्याच गोष्टीवरून भांडून आले. त्या वेळी तू चूक होतीस असं मला वाटत होतं. आता माझे केस पांढरे झाले, तरी मला तसंच वाटतं.

मी आता नव्या राजधानीतल्या ऑफिसात बसते. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस इतक्या कमी की आमचा शिपाई रोज कोणाच्या तरी गाडीला हात दाखवून येतो. राज्यातले मोठे रस्ते जिथं एकमेकांना छेदतात, ते चौक सुधारायचं काम माझ्या टेबलावरून जातं. बिलासपूरकडचे, दुर्गकडचे, धमतरीकडचे. जिथं उरल्याच्या कारखान्यांतून सळया भरून निघालेले ट्रक आणि शाळेच्या बस एकमेकांना अडवून तासन्‌तास उभ्या राहायच्या, तिथं आता एक रस्ता वरून जातो, एक खालून, आणि कडेनं गोल वळत चढणारे-उतरणारे रॅम्प असतात. याला इंटरचेंज म्हणतात. तुझ्या वेळी आपल्याकडे नुसता चौराहा होता, आणि तोही तू कागदावरच पाहिलास.

कागदावर म्हटलं की मला ती ड्रॉइंगची खोली दिसते. बाबा याच खात्यात होते आणि कामावर असतानाच गेले, म्हणून तुला त्यांच्या जागी घेतलं. बाईला साइटवर कुठं पाठवायचं, म्हणून ट्रेसर केलं. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या टेबलाखाली बसते. वरून तुझ्या पेनाचा बारीक आवाज येतो, शेजारी नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीतून अमोनियाचा वास येतो आणि डोळ्यांतून पाणी वाहतं. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला रस्ता तू शाईनं ट्रेसिंगच्या कापडावर उतरवतेस. रेघ चुकली की ब्लेडच्या टोकानं अशी खरवडतेस की कापडाला ओरखडाही उठत नाही. मग ते नकाशे भोपाळला, तेव्हाच्या राजधानीत, जात. त्यातला एकही रस्ता तू चालून पाहिला नाहीस. आपल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं घर ते ऑफिस, एवढाच तुझा रस्ता.

एकदा तू घरी येऊन पिठलं वाढता वाढता सांगितलं होतंस. एका नकाशात नाल्यावर पुलियाच दाखवलेली नव्हती. नाला होता, रस्ता होता, पण खालून पाणी जायला जागा नव्हती. तुझ्या ते लक्षात आलं. तू जसं होतं तसं उतरवलंस. पहिल्याच पावसाळ्यात तो रस्ता वाहून गेला, चौकशी बसली, आणि ट्रेसरला कोणी एक शब्द विचारला नाही. तू हे अगदी अभिमानानं सांगत होतीस. ‘रेघ आपली नसते,’ तू म्हणालीस. ‘आपुन निसती ओढतो.’ मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. मी हातातला घास ताटात ठेवला. त्या रस्त्यावरच्या लोकांचं काय झालं, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, जेव. आई, मी इंजिनियर झाले ती त्या रात्रीच्या त्या ‘जेव’मुळे झाले. तू सगळ्यांना सांगायचीस की पोरगी बापावर गेली. नाही. पोरगी तुझ्यावर रागावून गेली.

राज्य नवं झालं, राजधानी नवी बांधायची ठरली, आणि शहरापासून तिकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. तुला आनंद झाला होता, कारण आमचे वरचे साहेब तेच होते ज्यांनी बाबा गेल्यावर तुझ्या अर्जाची फाईल स्वतः हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरवली होती. तू रिटायर झाली होतीस, तरी दर दिवाळीला त्यांच्याकडं अनारशांचा डबा घेऊन जायचीस. रस्ता मातीचा भराव टाकून दोन माणसं उंच उचलला होता. आखणीत एक गाव मधोमध कापलं गेलं. घरं एका बाजूला राहिली, तलाव, शेतं आणि मसणवटा दुसऱ्या बाजूला. नकाशात ती वाट नव्हतीच, कारण पायवाट कोणी नकाशात दाखवत नाही. मी भरावाची उंची मोजत होते. एक म्हातारी डोक्यावर कपड्यांची पाटी घेऊन खाली उभी होती. ती वर बघून शांतपणे मला म्हणाली, ‘नोनी, हमन कोन डहर ले जाबो?’ पोरी, आम्ही कोणत्या वाटेनं जायचं? तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की मला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं. मी घरी आले, स्वयंपाकघरातली फरशी पुसून घेतली आणि तिथंच कागद पसरला. भरावाखालून जाणारा एक अंडरपास काढला. बैलगाडी, ट्रॅक्टर, पेंढ्यानं भरलेली ट्रॉली, सगळं जाईल एवढा. तू तांदूळ निवडत बसली होतीस. बघत बघत तू विचारलंस, ‘हे तुले कोनी सांगतलं?’ मी म्हटलं, कोणी नाही. ‘मंग काहून काढून राहिली?’ मी म्हटलं, लोकांना जायला वाट पाहिजे म्हणून. तू ताट खाली ठेवलंस. त्या साहेबानं आपल्याले दारातून परत पाठवलं नाही, हे ध्यानात ठेव, असं म्हणालीस आणि उठून गेलीस. तरीही मी दुसऱ्या दिवशी तो नकाशा रीतसर टिपणासह वर पाठवला, आणि अंडरपासशिवायच्या नकाशावर सही करायला नकार दिला.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, ‘आपका काम नापना है, सोचना नहीं।’ राजधानीचा रस्ता वेळेत व्हायला पाहिजे, आखणी वरून मंजूर होऊन आली आहे, एका गावासाठी ती थांबत नसते, हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, सर, मग तुम्ही त्या गावात येऊन त्यांना वाट दाखवा. त्यानंतर मला नोटीस मिळाली. निलंबन होणार, असं ऑफिसात सगळे बोलायला लागले. मी घरी काही सांगितलं नव्हतं, पण आपल्या पाऱ्यात गोष्ट लपत नाही. आणि तू, मला न विचारता, साहेबांच्या बंगल्यावर गेलीस आणि माझ्या वतीनं माफी मागून आलीस.

त्या संध्याकाळचं भांडण तुला आठवत असेल, जर तिकडं काही आठवत असेल तर. ‘मले इचारून गेली होती का तू?’ मी म्हटलं. तू गॅस बंद केलास आणि म्हणालीस, ‘माय आहो म्हनून गेली.’ मी म्हटलं, मी चूक केलेली नाही, मग माफी कशाची? तू म्हणालीस, चूक-बरोबर मला कळत नाही, नोकरी जाते तेव्हा घरात काय होतं ते कळतं. तेव्हा मी तुला सांगितलं की मला हे कुठं कळलं. म्हटलं, साहेबांनी भर ऑफिसात, सगळ्यांसमोर सांगितलं की हिची आई येऊन पाया पडून गेली. ‘त्यानं सगळ्यायसमोर सांगतलं?’ एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. त्या दिवाळीला तू अनारसे केले नाहीस.

माझं निलंबन झालं नाही, जशपूरला बदली झाली. इथून एक अख्खा दिवस लांब, डोंगरात. तू दर रविवारी फोन करायचीस. जेवली का? हव. थंडी हाय का? हव. स्वेटर घालतेस का? हव. एवढंच बोलणं. मी इकडे नसताना त्या गावातले लोक भरावावर येऊन बसले. बाया, म्हातारे, शेळ्या, सगळे. रोलर पुढं जाईना. शेवटी वरून विचारणा आली की काही तोडगा आहे का, तेव्हा फायलीत आधीच लावलेला माझा नकाशा निघाला. अंडरपास झाला. मी काढला होता त्यापेक्षा बुटका केला, खर्च वाचवायला, पण झाला. मी तुला फोनवर सांगणार होते. रविवारची वाट बघत होते. शुक्रवारी शेजारच्या काकूंचा फोन आला. मी पोचले तोवर तुला न्यायची तयारी झाली होती.

आता त्या ‘नामंजूर’चं सांगते. त्या अंडरपासच्या जागी मोठा इंटरचेंज करायचा आहे, कारण गाड्या वाढल्या. कन्सल्टंटनं सुंदर नकाशा आणला, चार रंगांत, भिंतीवरच्या पडद्यावर फिरवून दाखवला. रॅम्प सरळ यावा म्हणून त्यानं अंडरपास बुजवला होता. मी विचारलं, लोक कुठून जातील? तो हसला. इथून आता कोण जातं मॅडम, म्हणाला, शहरच झालंय की. मी त्याला सकाळी सहाला तिथं बोलावलं आणि खरंच उभं केलं. धुणं घेतलेल्या बाया गेल्या. शेळ्या गेल्या. सायकलवरून दोन मुली गेल्या, नव्या राजधानीत झाडलोट करायला जाणाऱ्या. पेंढ्याची एक ट्रॉली आली, तिचा माणूस खाली उतरला, वरच्या पेंढ्या काढून बाजूला ठेवल्या, ट्रॉली पलीकडं नेली आणि परत येऊन एकेक पेंढी उचलून नेली. रोज असंच करतो, म्हणाला. कन्सल्टंट घड्याळ बघायचं विसरला. पण ऑफिसात परतल्यावर वरून फोन आलाच, की मॅडम, अडवू नका. मी म्हटलं, रॅम्प वाकवा, आणि अंडरपास बुजवायचा नाही, उंच करायचा. लेखी पाहिजे असेल तर लेखी देते. आणि दिलं. या वेळी माझ्यासाठी माफी मागायला जाणारं कोणी नव्हतं, आणि काल सुधारलेला नकाशा आला. रॅम्प वाकला आहे.

तेव्हा तू म्हणायचीस ते मी मानत नाही, आई. रेघ ओढणाऱ्याची असतेच. तुझीही होती, त्या पुलियाच्या वेळी. तू पेन खाली ठेवून फक्त विचारायला हवं होतंस. तुला मुलगी होती, नवरा नव्हता, नोकरी दयेवर मिळालेली होती, हे सगळं मला कळतं. मी ते तोलून बघितलं आहे आणि तरीही असंच म्हणते. तुझ्या भीतीवर मी वाढले, तिच्या पोळ्या खाल्ल्या, तिनं भरलेल्या फीमध्ये शिकले. म्हणून ती बरोबर होती असं होत नाही.

हे पत्र कुठं पोस्टात टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुझ्या माफीबद्दल साहेबांनी ऑफिसात काहीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही, शेवटपर्यंत नाही. त्या दिवशी मी साइटवरून येताना सिव्हिल लाइनमधून, साहेबांच्या बंगल्यावरून, स्कूटर घातली आणि तुला पाहिलं. त्यांच्या व्हरांड्यात, चपला पायरीखाली काढलेल्या, हात जोडलेले. साहेब उभे राहून तुला पुन्हा पुन्हा खुर्ची दाखवत होते आणि तू बसत नव्हतीस. फाटक उघडं होतं. मी आत येऊ शकत होते. तुझ्या शेजारी उभी राहिले असते तर माफी थांबली असती, नाहीतर निदान तू एकटी नसतीस. बाहेर त्यांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता, तो मला ओळखायचा. ही माझी आई आहे हे त्याला कळू नये, असं मला वाटलं, आणि मी स्कूटर वळवली.