दर शनिवारी एक मूठ

पंचवटी, नाशिक
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

सोळा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. वाईट बातमी नाही. फोनच करणार होतो, पण हल्ली समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो आणि घोटाळे होतात. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. भागुबाई अजून बाजारात त्याच जागी बसतात. मखमलाबादहून पहाटेच्या रिक्षाने मेथी-शेपू आणतात आणि मी दोन जुड्या घेतल्या की तिसरी आपणहून पिशवीत टाकतात. मी नको म्हटलं की म्हणतात, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमी आमच्या पोरीसाठी लय केलं." मी खाली बघून पिशवीचं तोंड आवळतो.

अनसूया जाऊन दोन वर्षं झाली. तुला कळलं असेलच. आता मी आणि तिची तुळस. तुळशीला पाणी घालायचं कधी लक्षात राहतं, कधी नाही.

व्यायामशाळेत आता मशीनं आली आहेत. मुलं आरशासमोर दंड फुगवून फोटो काढतात. लोखंडाच्या पट्ट्या भरलेली जाकिटं मिळतात म्हणे, ती घालून जोर मारतात. आपले मुद्गल कोपऱ्यात पडले आहेत. बैठका मारताना गळ्यात घालायचं ते दगडी कडं दाराला टेकवून ठेवलंय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. परवा त्यावर हात फिरवला तर गार लागलं. झुंबर वस्तादांनी ते पहिल्यांदा माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पन्नास बैठकांनंतर त्यांनी ते काढून घेतलं आणि, सुवर्णा, मला वाटलं माझे पाय मातीला लागलेच नाहीत. इतकं हलकं मला पुढे आयुष्यात कधी वाटलं नाही. सगळ्या मुलांना ते वाटावं म्हणूनच मी शाळेतला मास्तर संध्याकाळी तालमीतला मास्तर झालो.

तुला भुजंगप्रयात आठवतो का? लगागा लगागा लगागा लगागा. शाळेत मी तो फळ्यावर मांडायचो आणि तालमीत त्याच्यावर तुमच्या बैठका मोजायचो. तू एकदा धापा टाकत म्हणालीस, "मास्तर, जरा छोटं वृत्त घ्या ना." सगळ्या पोरी हसल्या. लाठी फिरवताना तुझ्याभोवती नुसता आवाज उभा राहायचा, काठी दिसायचीच नाही. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

पोलीस भरतीच्या दिवसाचं मी लिहीत नाही. मैदानावर काय झालं ते तुला माहीत आहे.

आता लिहिण्याचं कारण. भागुबाई सांगत होत्या की तुझ्या इराची कराटेच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि तू शाळेत जाऊन तिचं नाव काढून घेतलंस. पोर दोन दिवस जेवली नाही म्हणे. भागुबाई म्हणाल्या, "काय करनार मास्तर, हाडं कच्ची आमच्याकडची. आईची मोडली, लेकीची बी मोडतील." सुवर्णा, डॉक्टरांना सगळंच कळतं असं नाही. आईचं दुखणं लेकीत उतरतंच असंही नाही. अकरा वर्षांच्या मुलीला खेळू द्यावं, एवढंच मला वाटतं. नाव परत घालता येईल का ते बघ.

भारतरावांना नमस्कार सांग. नांदगावला यंदा थंडी कशी आहे? इथे अजून सकाळी शाल लागते.

तुझा,
नाना मास्तर

•

पंचवटी, नाशिक
रविवार, दि. २ मार्च २०२५

सुवर्णा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आज रविवार. मध्ये चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा थंडीविषयीच लिहून ठेवला.

तू लिहिलंस: "माझ्या हाडांमुळे तुमच्या तालमीचं नाव गेलं, तरी तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. इराला मी तुमचं उदाहरण देते. पण नाव परत घालणार नाही, मास्तर. मोडलेला पाय घेऊन घरात बसणं काय असतं ते मला माहीत आहे." पुढे लिहिलंस की पहिलं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा मुलाकडच्यांचं चुकलं नव्हतं, अधू बाई कोण करील. हे तू रागाने लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

तुझी हाडं कच्ची नव्हती.

तुझ्या पायांना बांधायचे कॅनव्हासचे पट्टे आठवतात? अनसूयेने शिवले होते, आत गोदेची चाळलेली वाळू. सुरुवातीला एकेका पट्ट्यात पाऊण किलो होती. तुलाही तेवढंच माहीत होतं. पण झुंबर वस्तादांची एक रीत होती. शनिवारी मारुतीला तेल घातलं की शिष्याच्या नकळत त्याच्या वजनात एक मूठ घालायची. ते म्हणायचे की अंगाला आकडा कळला की अंग कुरकुरतं. मलाही त्यांनी तसंच वाढवलं होतं. मी तुझ्या पट्ट्यांत दर शनिवारी एकेक मूठ घातली. चौदा शनिवार. ते घालून तू रोज धावलीस, उड्या मारल्यास, लाठी फिरवलीस.

वस्ताद मूठ घालत, पण ते शिष्याची चाल बघत. पाय जरा वेगळा पडला की दोन मुठी काढूनही घेत. माझ्या डोळ्यांसमोर फक्त भरतीचं मैदान होतं. पट्टे सुटले आहेत, तू वाऱ्यासारखी निघाली आहेस आणि आपल्या तालमीची पहिली मुलगी पोलिसात गेली आहे. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की तुझे खरे पाय मला दिसलेच नाहीत.

तू एकदा म्हणालीस, "मास्तर, पट्टे आज जड वाटतात." मी म्हणालो, "घामाने भिजलेत." तू हसून म्हणालीस, "एवढा घाम गाळते म्हणजे पास होणारच." मग तुझी नडगी दुखायला लागली. हे तू मला तीनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा बोट ठेवून जागा दाखवलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, दुखतंय म्हणजे ताकद आत शिरतेय. असली वाक्यं मला वर्गात शिकवता शिकवता आपोआप सुचायची. त्या शनिवारीही मी मूठ घातली.

भरतीच्या दिवशी तुझ्या पायात काही नव्हतं. दुसऱ्या फेरीत मोकळ्या पायांनी धावताना नडगी मोडली, सगळ्यांच्या देखत. त्यामुळे पट्ट्यांवर कोणाचा संशय आला नाही. दवाखान्यात तुझे वडील बहिरू माझ्याकडे आले. पायात चप्पल नव्हती, शेतातून तसेच धावत आलेले. म्हणाले, "मास्तर, डाक्टर इचारतोय, सरावाला पोरीच्या पायाला वजन किती व्हतं?"

मी म्हणालो, "पाऊण किलो."

एवढ्या वजनाने हाड मोडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग दोष हाडात शोधला गेला. तपासण्यांत काही सापडलं नाही तरी कच्ची हाडं हा शब्द तुझ्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. मी तिथेच होतो. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी पट्टे अनसूयेच्या तराजूत घातले. एकेक दोन किलो सहाशे. ती शेजारी उभी होती. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा." मी म्हणालो, उद्या सांगतो. वाळू गोदेत ओतून आलो. पुढे चौदा वर्षं ती माझ्याबरोबर जगली, पण तालमीच्या दारात पुन्हा आली नाही, आणि का येत नाही हे मीही विचारलं नाही.

पत्र टाकण्याआधी आज सकाळी बाजारात गेलो. हे तुझ्या आईने तुझ्याकडून ऐकावं असं मला वाटेना. गुडघे साथ देत नाहीत, तरी त्यांच्यासमोर खाली बसलो. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, "काय मास्तर, आज भाव करायला बैठक मारली का काय?" भागुबाई हसल्या. मी पट्ट्यांचं वजन सांगितलं.

त्यांच्या हातात मेथीची जुडी होती. "दोन्ही पायांचं पाच किलोच्या वर?" त्या म्हणाल्या. "तेवढं बांधून माझी पोर पळायची?"

"हो."

"अन् तिला ठावं नव्हतं?"

"नाही."

त्यांनी जुडी खाली ठेवली. "हे मरंस्तोवर म्हनायचे, माझ्याच रक्तात खोट हाय, माझी आयबी लंगडायची. धाकटीचं लगीन जमवायला गेले की पयलं हेच सांगायचे, कुनाला फसवायला नको म्हनून. अन् तुमी दिवाळीला आमच्या घरी येऊन च्या पिऊन जायचे."

मी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी जुडी दिली. मला म्हणाल्या, "उठा आता. वाटंत बसलाय तुमी."

मी क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. बहिरूंना तर आता काहीच सांगता येत नाही. एक काम मात्र बाकी आहे. स्पर्धेची नावं दहा तारखेपर्यंत देता येतात, हे मी इथल्या शाळेत विचारून आलो. इराच्या सरांना सांग की तिच्या पायांना काही बांधायचं नाही. या वयात तिचं स्वतःचं वजन तिला पुरे आहे. आणि ती दुखतंय म्हणाली, तर थांबवायचं. तेवढं केलं की तिला खेळू दे.

खालचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहिला आहे. भारतरावांना, डॉक्टरांना, शाळेत, सासरी, ज्यांनी ज्यांनी तुझ्या हाडांना नाव ठेवलं त्या सगळ्यांना दाखव. पत्र उद्या रजिस्टरने पाठवतोय. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून सही तेवढी करतो.

"सुवर्णा बहिरू काकड हिची नडगी २००९ साली मोडली ती हाडं कच्ची होती म्हणून नव्हे. तिच्या पायांना मी तिच्या नकळत पाच किलो दोनशे ग्रॅम वाळू बांधली होती. दुखतं असं तिने तीन वेळा सांगूनही मी ती काढली नाही. डॉक्टरांना आणि तिच्या वडिलांना मी खोटं वजन सांगितलं. तिच्या घराण्यात कसलाही दोष नाही."

नारायण विष्णू गर्गे